शोधाच्या दारावरचं भाडं

२०२१ या एका वर्षात गुगलनं २६.३ अब्ज डॉलर मोजले, ते फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर शोधाच्या चौकटीमागे आपणच असावं यासाठी. हा आकडा बाहेर आला तो अमेरिकी सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्ये भरलेल्या खटल्यात. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता (जन्म आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पाटणचा) यांनी निकाल दिला, की शोधाच्या धंद्यात गुगलची मक्तेदारी आहे आणि ती टिकवायला कंपनीनं कायदा मोडला. आता, सगळ्यांत चांगलं आम्हीच शोधून देतो असं म्हणणाऱ्याला दारात उभं राहायचं एवढं भाडं का भरावं लागावं? त्यासाठी पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९४ मध्ये स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी करायला घेतली. त्या यादीचंच पुढे याहू झालं. तिथं माणसं बसून एकेक स्थळ बघायची आणि योग्य कप्प्यात टाकायची, ग्रंथालयात पुस्तकं लावतात तशी. आपल्याकडे मुंबईत राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डनं ‘खोज’ काढलं, तेही याच वळणाचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतलं, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली होती.

डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रानं हे हातकाम मोडीत काढलं. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीला खरं तर आपल्या संगणकांची ताकद मिरवायची होती. त्यासाठी तिनं पानांतला शब्द न् शब्द शोधता येईल अशी यंत्रणा उभी केली. लोक तुटून पडले. पण यंत्र शब्द मोजतं हे कळल्यावर चलाख मंडळींनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला काही दिसत नसे, यंत्राला मात्र ते पान फार मोलाचं वाटे.

मराठीची तर वेगळीच तऱ्हा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सामायिक संकेतपद्धती, रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइटवर प्रत्येकाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही, तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा दिसायचा. शोधयंत्रालाही तो चिवडाच दिसे. त्यामुळे इंटरनेटवर मराठी मजकूर होता, पण शोधून सापडत नव्हता.

गुगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची युक्ती साधी होती. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात ते मोजायचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः किती वजनदार आहे तेही बघायचं. गावातल्या शिफारशीसारखंच, कोण सांगतंय त्यावर किंमत. १९९८ मध्ये कंपनी निघाली. त्याच वर्षीच्या निबंधात या दोघांनी बजावलं होतं, की जाहिरातीवर चालणारं शोधयंत्र गिऱ्हाइकाच्या गरजेपेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच. हे वाक्य पुढे त्यांना किती वेळा ऐकवलं गेलं असेल!

कारण पैसा आला तो तिथूनच. १९९८ मध्येच बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमनं निकालातल्या जागांचा उघड लिलाव मांडला होता. जो एका क्लिकमागे जास्त देईल तो वर, आणि प्रत्येक निकालाशेजारी त्यानं लावलेली बोली छापलेली. लोकांनी नाकं मुरडली. गुगलनं २००२ मध्ये हा लिलाव उचलला, पण नुसती बोली न बघता लोक त्या जाहिरातीवर किती टिचकी मारतात तेही धरलं. समजा एकानं दहा रुपये लावले आणि हजारात दहा जण आले, तर मिळकत शंभर. दुसऱ्यानं चारच लावले पण पन्नास आले, तर दोनशे. मग दुसरा वर. जाहिरात कामाची असेल तर कमी बोलीवरही जागा मिळू लागली, आणि तिजोरी भरू लागली.

पण त्याआधी याहूनं एक चूक केली होती, आणि माझ्या मते सगळा इतिहास तिथेच वळला. जून २००० मध्ये याहूनं आपल्या पानावरच्या शोधाचं काम गुगलला दिलं. तेव्हाच्या पोर्टलवाल्यांच्या लेखी शोध म्हणजे बातम्या, ईमेल, ज्योतिष यांच्यासारखंच एक दालन. लोक झटकन शोधून बाहेर गेले तर नुकसानच. याहूच्या गर्दीला गुगलची चव लागली. फेब्रुवारी २००४ मध्ये याहूनं स्वतःचं यंत्र लावलं, तोवर गिऱ्हाईक दुकान बदलून बसलं होतं.

दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपण मोठे झालो, हे गुगल विसरलं नाही. मग दारंच बांधून घ्यायला सुरुवात झाली. ॲपलच्या सफारीशी करार, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाशी करार, स्वतःचा क्रोम, स्वतःचं अँड्रॉइड. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज डॉलर गेले. आता बिंग या शोधयंत्राच्या नावानं लढणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी याच खटल्यातल्या साक्षीत सांगितलं, की माणूस सकाळी उठतो, दात घासतो आणि गुगलवर शोधतो. सवयीचं बळ दुसऱ्या बाजूनंही दिसतं: मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीपासून बसवलेलं असतं, आणि तिथले सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एकूण बाजारात मात्र जवळपास ९० टक्के गुगलचे.

भारतात स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला. विमानाच्या तिकिटांचा शोध घेतला की स्वतःचीच चौकट ठळक जागी येते, हा त्यातला एक मुद्दा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या अटींवरून आणखी १,३३७.७६ कोटी. त्यानंतर, जानेवारी २०२३ मध्ये, नव्या फोनवर शोधयंत्र निवडायची मुभा भारतीय गिऱ्हाइकाला देण्याचं गुगलनं जाहीर केलं.

अमेरिकेतल्या खटल्यात मेहतांनी मक्तेदारीवरचे उपाय सांगितले २ सप्टेंबर २०२५ ला. तोवर चॅटजीपीटीसारखी साधनं आली होती, आणि त्यांनी चित्र पालटल्याचं निकालपत्रातच नोंदलेलं आहे. क्रोम विकायची सक्ती झाली नाही. आम्हीच एकटे असू अशी अट करारात घालायला बंदी आली, काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी लागेल. दारावरचं भाडं भरायला मात्र परवानगी आहे.