के-एटीपी आणि केव्ही : बीटा पेशीतले दोन पोटॅशियम चॅनल

‘पोटॅशियम चॅनल बंद झाला की इन्सुलिन सुटतं’ हे वाक्य बहुतेकांचं पाठ असतं. (चॅनल म्हणजे पेशीपटलातली, ठरावीक आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनाची वाट.) मग कुठेतरी वाचायला मिळतं की ग्लुकोज वाढलेलं असतानाच पोटॅशियम चॅनल उघडतात आणि इन्सुलिनला लगाम घालतात. इथे गोंधळ उडतो. खरं तर दोन्ही विधानं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या चॅनलविषयी आहेत.

पहिला के-एटीपी, म्हणजे एटीपी या पेशीतल्या इंधनामुळे मिटणारा पोटॅशियम चॅनल. रक्तात ग्लुकोज कमी असतं तेव्हा स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीचे हे चॅनल बऱ्यापैकी उघडे असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर जात राहतं आणि पेशीपटलावरचा विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास टिकतो. ग्लुकोज आत आलं, ग्लुकोकायनेज या विकराने ते कामाला लावलं, की एटीपी वाढतं, एडीपी (वापरून झालेलं एटीपी) घटतं आणि चॅनल मिटतो. पोटॅशियमची वाट अडली की दाब शून्याकडे सरकू लागतो, कॅल्शियम चॅनल उघडतात आणि आत शिरलेलं कॅल्शियम इन्सुलिनच्या पुटिका (पेशीतल्या इवल्या पिशव्या) रिकाम्या करवतं. म्हणजे हा चॅनल पेशीतलं इंधन मोजतो. विद्युतदाबाशी त्याला फारसं देणंघेणं नाही.

दुसरा केव्ही, म्हणजे विद्युतदाबानुसार उघडणारा पोटॅशियम चॅनल, त्यातही मुख्यतः केव्ही २.१ हा प्रकार. पेशी शांत असताना हा बंदच असतो. दाब चढून विद्युत स्पंद उमटला की किंचित उशिरा उघडतो, पोटॅशियम बाहेर सोडतो आणि दाब खाली आणतो. कॅल्शियमचा ओघ तिथेच थांबतो. (उंदरांत हे काम प्रामुख्याने केव्ही २.१ करतो, माणसात बीके नावाच्या आणखी एका पोटॅशियम चॅनलचाही मोठा वाटा आहे. उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावू नयेत ते यासाठी.)

पोटॅशियम दोन्हींतून बाहेरच जातं. के-एटीपी मिटल्याने स्पंद सुरू होतात, केव्ही उघडल्याने प्रत्येक स्पंद आटोपतो.

हा फरक औषधांत लख्ख दिसतो. के-एटीपीत मधोमध किर ६.२ या प्रथिनाचे चार घटक असतात आणि भोवती सर १ या प्रथिनाचे चार. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या सर १ला चिकटून चॅनल मिटवतात. रक्तात ग्लुकोज किती आहे याची त्या वाट पाहत नाहीत, म्हणून साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती असते. पण याच गुणाचा एका आजारात मोठा उपयोग झाला. किर ६.२मधल्या काही जनुकीय बदलांमुळे चॅनल एटीपीला जुमानत नाही, उघडाच राहतो आणि बाळाला जन्मानंतर काही महिन्यांतच मधुमेह होतो. हे कारण २००४ मध्ये समोर आलं, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर असलेली अशी अनेक मुलं गोळ्यांवर आली. याउलट चॅनल निकामी असेल तर इन्सुलिन वाहतच राहतं. त्यावर डायझॉक्साइड हे चॅनल उघडणारं औषध देतात, पण चॅनल पेशीपटलापर्यंत पोचतच नसेल तर ते उघडणार काय?

केव्ही अडवला तर स्पंद लांबतो आणि इन्सुलिन वाढतं, पण ग्लुकोज असेल तरच. स्पंदच नसेल तर लांबणार काय? कागदावर हे सल्फोनिलयुरियापेक्षा सुरक्षित वाटतं. अडचण अशी की केव्ही २.१ मेंदूच्या पेशींतही भरपूर असतो आणि त्याच्या जनुकातल्या दोषांमुळे बालवयात गंभीर अपस्मार होतो.