तेहतीस फुटांची रेषा

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि गुंठाभर जमीन अगदी चौरस असेल तर तिची प्रत्येक बाजू ३३ फूट भरते, हे महाराष्ट्रात जमिनीचे व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. १९५९ साली ठरलेल्या व्याख्येनुसार एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्यामुळे एक फूट ३०४.८ मिलिमीटरचा होतो आणि ३३ फुटांचे बरोबर १०,०५८.४ मिलिमीटर होतात. हा आकडा पूर्णांकात आणलेला किंवा जवळपासचा नाही. एवढ्या लांबीची एक रेषा लिब्रेकॅडसारख्या साध्या, मोफत आरेखन-प्रणालीत काढायची, हे काम वरकरणी दोन मिनिटांचे आहे. पण ती रेषा ‘नेमकी’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो नेमकेपणा असतो कुठे, हे पाहायला लागलो की बराच वेळ त्यात जातो.

नवखा माणूस माऊस हातात घेतो, एका ठिकाणी टिचकी मारतो, पडद्यावरचा आकडा बघत बघत रेषा ओढत नेतो आणि १०,०५८ च्या आसपास कुठेतरी दुसरी टिचकी मारतो. ही पद्धत का फसते ते साध्या भागाकाराने कळते. नेहमीच्या पडद्यावर उभ्या दिशेने १,०८० ठिपके असतात. आपला भूखंड वरखाली थोडी जागा सोडून त्यात मावावा म्हणून १०,८०० मिलिमीटर उंची दाखवायची ठरवली, तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला १० मिलिमीटर येतात. म्हणजे हात कितीही स्थिर असला तरी माऊसची सर्वांत लहान हालचाल एक सेंटिमीटरची होणार. शिवाय पडद्यावर दिसते ती मुळात रेषा नसतेच. तिरक्या रेषेसाठी कोणते ठिपके उजळायचे हे ठरवण्याची एक चतुर रीत जॅक ब्रेझनहॅम यांनी आयबीएममध्ये असताना १९६२ साली शोधली. त्या रीतीने उजळते ती ठिपक्यांची पायऱ्यापायऱ्यांची ओळ असते आणि आपला डोळा तिला सरळ रेषा मानून घेतो. मोजमापाच्या कामात या चित्राला साक्षीदार म्हणूनही उभे करू नये, असे माझे मत आहे.

म्हणून रेषा काढण्याऐवजी प्रणालीला सांगावी लागते. रेषेची आज्ञा द्यायची, खालच्या आज्ञापट्टीत पहिल्या बिंदूसाठी 0,0 असे टंकायचे, म्हणजे आरंभबिंदू झाला, मग @10058.4,0 असे टंकायचे, म्हणजे ‘आत्ता जिथे आहेस तिथून उजवीकडे १०,०५८.४ जा, वर-खाली काहीही जाऊ नकोस’. (संगणकाला आकडे आणि चिन्हे त्याच्या सवयीचीच द्यावी लागतात, म्हणून इथे तशीच लिहिली आहेत.) सुरुवातीचे @ हे चिन्ह ‘इथून पुढे’ एवढेच सांगते, ते विसरले तर प्रणाली तोच आकडा आरंभबिंदूपासून मोजते, आणि पहिली बाजू आरंभबिंदूपासूनच निघालेली असल्यामुळे चूक तिथे लपून राहते व दुसऱ्या बाजूला उघडी पडते. तिरकी रेषा हवी असेल तर लांबी आणि कोन देता येतो: @10058.4<45. इथे कोन पूर्वेकडून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने कोन मोजण्याची सवय असलेल्या मोजणीदारांची इथे हमखास गफलत होते.

स्वल्पविरामाचे प्रकरण मात्र मी स्वतः भोगलेले आहे. पहिल्यांदा हे करायला बसलो तेव्हा आपण वहीत लिहितो तसाच आकडा मी @10,058.4 असा टंकला आणि पडद्यावर काहीच दिसेना. रेषा होती, पण ती उजवीकडे १० आणि वर ५८.४ मिलिमीटर गेलेली, जेमतेम ५९.२५ मिलिमीटर लांबीची, जवळजवळ उभी काडी होती. दहा मीटरच्या पसाऱ्यात तिला सहा ठिपके मिळाले होते. हजाराचा स्वल्पविराम आपल्यासाठी वाचनाची सोय असते, प्रणालीसाठी मात्र तो आडवे अंतर संपून उभे अंतर सुरू झाल्याची खूण असते. तिने माझे म्हणणे अक्षरशः पाळले होते.

आता ही रेषा साठवली कशी जाते ते पाहू. चित्र डीएक्सएफ या, आरेखनांच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या फाइलीत जतन करून ती फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली, तर आकड्यांची एक उभी माळ दिसते. त्यात रेषेच्या नोंदीपाशी १० आणि २० या क्रमांकांखाली सुरुवातीच्या बिंदूचे दोन निर्देशक, म्हणजे आरंभबिंदूपासूनचे आडवे व उभे अंतर, असतात आणि ११ व २१ या क्रमांकांखाली शेवटच्या बिंदूचे. लांबी कुठेही लिहिलेली नसते. आपण ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा केला ती फाइलीत नाहीच. कोणी विचारले की प्रणाली दोन निर्देशकांच्या फरकांचे वर्ग करते, त्यांची बेरीज करते, वर्गमूळ काढते आणि सांगते. शाळेतला पायथागोरस इथे दिवसाला लाखो वेळा राबतो.

तरीही संगणकात १०,०५८.४ ही संख्या काटेकोरपणे मावत नाही, कारण दशमान पद्धतीतला .४ हा अपूर्णांक द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत लिहायला गेले तर संपतच नाही, जसे आपल्या पद्धतीत एक तृतीयांशाचे ०.३३३ संपत नाही. अशा प्रणाली संख्या बहुधा ६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ घरांत, साठवतात आणि त्यातले ५२ बिट अपूर्णांकी भागासाठी असतात. दहा हजारांच्या घरात अशा दोन शेजारी संख्यांमधले अंतर सुमारे ०.०००००००००००१८ मिलिमीटर येते, म्हणजे जवळपास एका प्रोटॉनच्या व्यासाएवढे. जमिनीच्या बाजूत एका प्रोटॉनचा फरक पडला म्हणून भाऊबंदकी होण्याची भीती नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजू व्यवहारात नडते. उपग्रहाधारित मोजणीतून आलेल्या निर्देशकांत पुण्याजवळच्या जागेचे विषुववृत्तापासूनचे अंतर २० लाख मीटरच्या पुढे जाते, आणि पडद्यावर चित्र उमटवताना अनेकदा ३२ बिटांचीच संख्या वापरतात. तेवढ्या मोठ्या आकड्यापाशी तिच्या दोन शेजाऱ्यांत साडेबारा सेंटिमीटरचे अंतर असते. मग वर्तुळे खडबडीत दिसतात आणि रेषा जागच्या जागी थरथरतात. भूखंडाचा एक कोपरा आरंभबिंदूवर आणून काम केले की हा उपद्रव थांबतो.

चौरसाच्या तीन बाजू आकडे टंकून झाल्या की चौथी बाजू टंकू नये; ‘टोक पकड’ ही सोय चालू करून पहिल्या रेषेच्या टोकाला ती चिकटवावी, म्हणजे त्या टोकाचेच निर्देशक जसेच्या तसे उचलले जातात. नजरेने जुळवलेले कोपरे जुळल्यासारखे दिसतात, पण आत सूतभर फट राहते आणि चौकटीत रंग किंवा रेघाटी भरायला गेलो की आकृती बंद नाही म्हणून प्रणाली नकार देते. त्याच टोकांना पकडून कर्ण काढला तर त्याची लांबी १४,२२४.७३ मिलिमीटर दिसते. ‘दिसते’ म्हणायचे, कारण शेवटचे आकडे वाचण्यापुरते कापलेले असतात. इथे थोडे थांबण्याचा मोह मला आवरत नाही. दोरी आणि खुंट्यांनी यज्ञवेदी आखणाऱ्यांसाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात कर्णाची रीत दिली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. आपल्या गुंठ्याला ही रीत लावली तर उत्तर १४,२२४.७५ मिलिमीटर येते. चौदा मीटरच्या कर्णात फरक पडतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी.

खरे तर आकडे टंकण्याची ही रीत या कलेची पहिली रीतही नव्हे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीमधल्या प्रबंधासाठी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले, तेव्हा वापरणाऱ्याने प्रकाशलेखणीने ओबडधोबड रेषा ओढायची आणि मग ‘या दोन बाजू समांतर’, ‘या दोन समान’ अशा अटी घालायच्या, की आकृती आपोआप त्या अटींत बसत असे. प्रतलावरच्या रेषेला चार आकडे लागतात, म्हणजे तिला चार प्रकारची मोकळीक असते. लांबीची अट घातली की एक जाते आणि उरलेल्या तीनमुळे ती सरकू शकते व फिरू शकते, पण ताणली जात नाही. फ्रीकॅडसारख्या आजच्या प्रणाली याच वाटेने चालतात. लिब्रेकॅडमध्ये ती सोय नाही, आणि एका भूखंडासाठी तिची गरजही नाही.

एककाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. फाइलीत १०,०५८.४ एवढाच आकडा असतो. ते मिलिमीटर आहेत, इंच आहेत की मीटर, हे फाइलीच्या आरंभीची एक वेगळी नोंद सांगते, आणि ती कोरी राहिली तर उघडणारा आपल्या समजुतीने घेतो. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, मालकाचे बोलणे फुटांत आणि आरेखन मिलिमीटरमध्ये, अशा आपल्याकडच्या कारभारात ही नोंद आधी तपासावी. छपाईतही असाच एक चोर दबा धरून असतो. चित्र संगणकात नेहमी खऱ्या मापाने काढायचे आणि कागदावर उतरवताना १:१०० असे प्रमाण द्यायचे, म्हणजे आपली बाजू कागदावर १००.५८४ मिलिमीटर यावी. पण छपाईच्या खिडकीत ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला तर सगळेच थोडे आक्रसते आणि डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात नेमकी १०० मिलिमीटर छापली जाईल अशी एक रेषा ठेवावी आणि कागद हाती आल्यावर आधी तिला पट्टी लावावी.

कागदावर पाव मिलिमीटर जाडीने छापलेली हीच रेषा १:१०० प्रमाणात जमिनीवरच्या २५ मिलिमीटरची पट्टी व्यापते. जागेवर आखणी करताना फक्कीची रेघ त्याहून रुंद, चांगली दोन बोटे पडते. संगणकातल्या रेषेला रुंदी नसते, म्हणून तिथे हा प्रश्न कधी उठतच नाही; पण दोरी धरून उभा असलेला गवंडी तो हटकून विचारतो: “साहेब, तेहतीस फूट रेघेच्या आतून धरायचे का बाहेरून?”