मठ ‘कूव्हाँ’, उबवणं ‘कूव्ह’

फ्रेंच शिकवताना हमखास येणारं एक वाक्य आहे: ‘ले पूल द्यू कूव्हाँ कूव्ह’, म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटचे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे: सी, ओ, यू, व्ही, ई, एन, टी. तोंडात मात्र वेगळे. मठ म्हणताना दोन तुकडे पडतात, कू-व्हाँ, आणि शेवटचा स्वर नाकातून येतो. ‘उबवतात’ म्हणताना एकच तुकडा, कूव्ह. ई-एन-टी हा अख्खा शेपूट मुका.

हे लहरीनं झालेलं नाही. मठाच्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘कोन्वेन्तुस’. त्यात जोर ‘वेन’वर, म्हणून तो स्वर टिकला. क्रियापदाच्या मुळाशी ‘कुबान्त’. जोर ‘कु’वर, म्हणून मागचं सगळं बोलण्यात झिजलं आणि लिखाणात तेवढं उरलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. ‘कमळ’ लिहितो तीन अक्षरांत, म्हणतो दोन तुकड्यांत, क-मळ्. तरी अभंगाची अक्षरं मोजताना ‘ळ’ वेगळा धरतोच. फ्रेंच छंदातही तसंच: बारा तुकड्यांच्या अलेक्झांद्रँ ओळीत मध्येच ‘बोलतात’ आलं, तर बोलण्यातलं एका तुकड्याचं ‘पार्ल’ तिथे पार्-ल असं दोन तुकड्यांचं मोजतात. मला हे साम्य फार आवडतं.

‘क्रियापदात ई-एन-टी मुकं’ एवढंच पाठ करणारे ‘इल व्हियँ’पाशी अडकतात. याचा अर्थ ‘तो येतो’. इथेही शेवटी तीच तीन अक्षरं, पण कर्ता एकटा आहे, म्हणून स्वर नाकातून वाजतो. मुका असतो तो फक्त ‘ते’ आणि ‘त्या’ यांच्या क्रियापदाचा प्रत्यय. ‘ते येतात’ म्हणजे ‘इल व्हियेन’: प्रत्यय गप्प, पण धातूतला न आता स्पष्ट ऐकू येतो.

मग ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांत फरक कसा कळायचा? कानाला कळतच नाही, दोन्ही ‘इल पार्ल’, संदर्भावरून ओळखायचं. क्रियापद स्वरानं सुरू झालं की मात्र सुटका होते. ‘तो प्रेम करतो’ हे ‘इ-लेम’, ‘ते प्रेम करतात’ हे ‘इल-झेम’, आपल्या ‘झाड’मधला झ. आणि प्रश्न विचारताना कर्ता मागे गेला, की एरवी मुका असलेला टी बोलू लागतो: ‘पार्ल-तिल?’, ते बोलतात का?