शेजाऱ्यांनी घडवलेला अवयव

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या हृदयाची पहिली फडफड दिसते, तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. त्याच सुमारास, फलनानंतर साधारण २६व्या दिवशी, त्याच्या पचननलिकेला पाठीच्या बाजूने एक फुगवटा येतो. थोड्याच दिवसांत पोटाच्या बाजूनेही, पित्तनलिकेच्या मुळाशी, दुसरा छोटा कोंब फुटतो. या दोन कोंबांचे मिळून पुढे स्वादुपिंड होते.

पण एवढ्या लांब नळीवर ते नेमके इथेच का उगवते? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. पचननलिकेच्या अस्तरातल्या पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन बनवत असतात आणि जिथे ते असते तिथे स्वादुपिंड धरत नाही. गर्भाच्या पाठीतून पृष्ठरज्जू नावाची एक लवचीक दांडी जाते. मणके नंतर तिच्याभोवती तयार होतात. ही दांडी काही काळ नळीला टेकलेली असते आणि तिच्याकडून येणारे रासायनिक निरोप तेवढ्याच पट्ट्यातले हेजहॉग बंद करतात. कोंबडीच्या भ्रूणातून ही दांडी काढून पाहिली, तर तिथे स्वादुपिंडाची जनुके जागीच झाली नाहीत. म्हणजे ‘स्वादुपिंड हो’ या हुकमाआधी अडसर दूर व्हावा लागतो, आणि तो शेजारी दूर करतो.

पोटाच्या बाजूला शेजारी वेगळा आहे. तिथे वाढत्या हृदयाजवळच्या पेशींना त्याचे निरोप पोहोचतात आणि त्या यकृताच्या वाटेला लागतात. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत, त्या स्वादुपिंड होतात.

पुढे आतडे वळते, तसा पोटाकडचा छोटा कोंब त्याच्याबरोबर फिरून मागे येतो आणि सातव्या आठवड्याच्या आसपास पाठीकडच्या मोठ्या कोंबाला जुळतो. सुमारे दहा टक्के माणसांत दोन्ही कोंबांच्या नलिका एकमेकींना जोडल्याच जात नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

कोंबाच्या आत फांद्या फुटत जातात. टोकांशी पाचकरस बनवणाऱ्या पेशी तयार होतात. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही याच अस्तरातून येतात. एखाद्या पेशीने ती वाट धरली, की ती लगतच्या पेशींना ‘तुम्ही थांबा’ असे सांगते. सगळ्याच पेशी त्या वाटेने गेल्या असत्या, तर फांद्या वाढवायला कोणी उरलेच नसते.

किती पेशींनी सुरुवात झाली, यालाही फार महत्त्व आहे. उंदरांच्या गर्भात स्वादुपिंडाच्या या आदिपेशी मुद्दाम कमी केल्या, तेव्हा अवयव लहानच राहिला. यकृताच्या बाबतीत मात्र उरलेल्या पेशींनी तूट भरून काढली. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला.

मधुमेहींसाठी आज प्रयोगशाळेत मूलपेशींपासून बीटा पेशी वाढवतात, तेव्हा गर्भातले हेच टप्पे त्याच क्रमाने गाठावे लागतात. काचेच्या बशीत पृष्ठरज्जू नसते. म्हणून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कृतीत, ठरावीक दिवशी, हेजहॉगचा निरोप दाबणारे एक रसायन त्या पेशींवर घातले जाते.