सव्विसावी नॉर्थ कॅरोलिना: एका पलटणीच्या कागदपत्रांची पार्श्वभूमी

४ जुलै १८६३. गेटिसबर्गची लढाई आदल्या दिवशी संपली होती. २६व्या नॉर्थ कॅरोलिना पायदळ पलटणीचे क्वार्टरमास्टर कॅप्टन जे. जे. यंग यांनी त्या दिवशी आपल्या राज्याचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांना पत्र लिहिले. आठशेहून अधिक माणसे घेऊन पलटण पहिल्या दिवशी लढाईत उतरली, त्यातली फक्त २१६ इजा न होता बाहेर आली, आणि तिसऱ्या दिवसाच्या हल्ल्यानंतर कामावर उभी राहतील अशी सुमारे ऐंशी उरली, असे त्या पत्रात आहे. व्हान्स यांना हे कळवण्याला खास कारण होते. वर्षभरापूर्वीपर्यंत तेच या पलटणीचे कर्नल होते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या एखाद्या पलटणीचा इतिहास शोधायचा असेल, तर या पत्रापासून सुरुवात करावी असे मला वाटते. कारण याच लढाईतल्या याच पलटणीच्या हानीचा दुसरा आकडा लगेच समोर येतो. सैन्याच्या वैद्यकीय खात्याच्या यादीत ८६ ठार आणि ५०२ जखमी, एकूण ५८८ अशी नोंद आहे. बेपत्ता झालेल्यांची गणती त्यात नाही. पुढच्या काळात संशोधकांनी एकेक नाव घेऊन मोजणी केली, तेव्हा ठार, जखमी आणि कैदी मिळून आकडा सातशेच्या घरात गेला. यातले कोणीही खोटे बोलत नव्हते. यंग यांच्याकडे पुरवठ्याचे काम होते, त्यांनी हजेरीला उभी राहणारी माणसे मोजली. वैद्यकीय खात्याने जखमा मोजल्या. नंतरच्या संशोधकांना उत्तरेच्या इस्पितळांत आणि बंदीछावण्यांत महिन्यांनी मेलेलेही सापडले. पलटणीबद्दलचा प्रत्येक कागद कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. ते ‘कशासाठी’ ओळखल्याशिवाय त्यावर इतिहास उभा करू नये, हे माझे ठाम मत आहे.

ही पलटण २७ ऑगस्ट १८६१ रोजी रॅलेजवळच्या कॅम्प क्रॅबट्री या छावणीत उभी राहिली. आज रॅले आणि केरी परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना क्रॅबट्री हे नाव तिथल्या ओढ्यामुळे आणि तलावामुळे रोजच्या ओळखीचे आहे. दहा कंपन्या होत्या आणि प्रत्येक कंपनी एखाद्या काउंटीतून, म्हणजे राज्यातल्या एखाद्या जिल्ह्यातून, आलेली होती: ॲश, युनियन, विल्क्स, वेक, चॅटम, कॉल्डवेल, मूर, ॲन्सन. ‘हिब्रिटन गार्ड्स’, ‘चॅटम बॉइज’, ‘पी डी वाइल्ड कॅट्स’ अशी गावाकडची नावे त्यांनी लावून घेतली होती. भाऊ, चुलतभाऊ, शेजारी एकाच कंपनीत असत. म्हणूनच एका दुपारच्या गोळीबारात एखाद्या खोऱ्यातली जवळजवळ प्रत्येक घरची माणसे पडू शकत होती. कॉल्डवेल काउंटीच्या ‘एफ’ कंपनीचे असेच झाले. गेटिसबर्गला लढाईत उतरलेले तिचे तिन्ही अधिकारी आणि ८४ पैकी ८३ शिपाई ठार किंवा जखमी झाल्याची नोंद विल्यम फॉक्स यांनी १८८९ मध्ये पलटणींच्या हानीचा जो मोठा हिशोब छापला त्यात आहे. हे फॉक्स उत्तरेच्या फौजेतले माजी अधिकारी होते.

मधल्या लढाया थोडक्यात सांगतो. १४ मार्च १८६२ ला न्यू बर्न, १ जुलै १८६२ ला मॅलव्हर्न हिल. त्या ऑगस्टमध्ये व्हान्स गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि हेन्री किंग बर्गविन हा वीस वर्षांचा तरुण कर्नल झाला. त्याचे वय पाहून ब्रिगेडचे (काही पलटणींच्या गटाचे) जनरल रॉबर्ट रॅन्सम नाराज झाले. मग पलटण जनरल पेटिग्रू यांच्या ब्रिगेडमध्ये गेली आणि त्यांच्याबरोबर गेटिसबर्गला पोहोचली.

१ जुलै १८६३ च्या दुपारी हर्ब्स्ट यांच्या रानात तिची गाठ उत्तरेच्या २४व्या मिशिगन पलटणीशी पडली. मिशिगनच्या ४९६ माणसांपैकी ३६३ पडली. दोन्ही रांगा काही पावलांच्या अंतरावरून एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या. नॉर्थ कॅरोलिनाचे निशाण चौदा वेळा पडले असे परंपरा सांगते. निशाण हाती घेतलेला बर्गविन एकविसाव्या वर्षी तिथेच मारला गेला. त्याच्यानंतर लेफ्टनंट कर्नल जॉन लेन यांनी ते उचलले. मानेतून शिरलेली गोळी जबड्यातून बाहेर पडली, तरी लेन वाचले. ३ जुलैच्या प्रसिद्ध हल्ल्यात उरलेली पलटण पुन्हा पुढे गेली. माघारीच्या वाटेवर फॉलिंग वॉटर्सला पेटिग्रू प्राणांतिक जखमी झाले. पुढे १८६४ मध्ये पीटर्सबर्गचे खंदक, २७ ऑक्टोबर १८६४ ला बर्जेस मिलजवळ निशाण शत्रूच्या हाती, आणि ९ एप्रिल १८६५ ला अपोमॅटॉक्सची शरणागती.

ही हकिगत आज इतकी बारकाईने सांगता येते याचे श्रेय युद्धानंतर कागदांचे जे झाले त्याला आहे.

२ एप्रिल १८६५ च्या रात्री राजधानी रिचमंड सोडताना दक्षिणेच्या सरकारने युद्धखात्याची दप्तरे आगगाडीने दक्षिणेकडे हलवली. मागे राहिलेले पुष्कळ कागद शहरातल्या आगीत गेले. नेलेली दप्तरे शार्लट शहरात थांबली आणि शरणागतीनंतर जनरल जोसेफ जॉन्स्टन यांनी ती उत्तरेच्या स्वाधीन केली. वॉशिंग्टनला फ्रान्सिस लीबर या कायदेपंडिताच्या हाताखाली त्यांचे वेगळे कार्यालय सुरू झाले. त्या वेळी पलटणींचा इतिहास लिहिण्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. लिंकन यांच्या खुनाशी दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचा संबंध सापडतो का, हे आधी शोधले गेले. नंतर नुकसानभरपाई मागणारा दक्षिणेतला माणूस युद्धात खरोखर उत्तरेशी एकनिष्ठ होता का, हे तपासायला हे कागद कामी आले. माजी कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, सैनिकांना ते पाहायलाही मिळत नव्हते. १८७८ मध्ये मार्कस राइट या माजी कॉन्फेडरेट जनरलची दक्षिणेतले कागद गोळा करण्यासाठी नेमणूक झाली, तेव्हा हा अविश्वास कमी होऊ लागला. १८८० ते १९०१ या काळात दोन्ही बाजूंचे अहवाल आणि पत्रे सरकारने १२८ जाडजूड ग्रंथांत छापली. यंग यांचे पत्र आपल्याला मिळते ते त्यातच.

एकेका शिपायाची नोंद मात्र वेगळ्या वाटेने आली. उत्तरेच्या माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज इतके वाढले की जुनी मस्टरे (हजेरीपट) हाताळून फाटू लागली. तेव्हा फ्रेड एन्सवर्थ या अधिकाऱ्याने मस्टर, इस्पितळाचे रजिस्टर, कैद्यांची यादी यांतली प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरवून एका शिपायाची सगळी कार्डे एका पाकिटात ठेवण्याची पद्धत बसवली. १९०३ मध्ये हे काम कॉन्फेडरेट शिपायांसाठीही हाती घेतले गेले. दक्षिणेच्या राज्यांकडून याद्या उसनवार मागवल्या गेल्या आणि १९२७ पर्यंत काम चालले. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जे पाकीट उघडते ते १८६३ चे नसून विसाव्या शतकातल्या कारकुनांनी केलेली नक्कल आहे. एकाच माणसाचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असले तर त्याची तीन पाकिटे होऊ शकतात. मस्टर दोन महिन्यांनी एकदा भरले जाई, त्यामुळे मधला काळ कोरा राहतो. आणि १८६५ च्या सुरुवातीची मस्टरे बहुतेक पलटणींची नाहीतच. म्हणून शेवटच्या कार्डावर ‘हजर’ असलेला माणूस शेवटपर्यंत लढला असे म्हणता येत नाही.

तरीही या कार्डांत मोलाच्या गोष्टी आहेत. याच पलटणीच्या ‘एफ’ कंपनीतल्या एका पाकिटावर मिसेस ब्लेलॉक असे नाव आहे. मॅलिंडा ब्लेलॉक १८६२ च्या वसंतात पुरुषाच्या वेशात, सॅम्युएल नावाने, नवऱ्याच्या बरोबरीने भरती झाली. दोन आठवडे तिने शिपायाची सगळी कामे केली. नवऱ्याला सैन्यातून मोकळे केले तेव्हा तिने आपण कोण ते सांगितले, भरतीची रक्कम परत केली आणि तिला लगेच मोकळे केले गेले. कारकुनाने हे सगळे थोड्या शब्दांत टिपले आहे. पाकीट इथे संपते, हकिगत संपत नाही. नवरा कीथ मुळातच उत्तरेच्या बाजूचा होता आणि पुढे या दोघांनी डोंगरात राहून कॉन्फेडरेट सत्तेशी झुंज घेतली. नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडच्या काउंट्यांत अशी घरे पुष्कळ होती. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने १८ ते ३५ वयाच्या पुरुषांवर सक्तीची भरती आली. त्याच ऑक्टोबरात वीस गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला सूट मिळाली. छोट्या शेतकऱ्यांचा संताप आणि पळून जाण्याचे प्रमाण यानंतर वाढले. पलटणीच्या शौर्याबद्दल लिहिणारा कोणी ‘पळाला’ शेरा असलेली कार्डे बाजूला ठेवत असेल, तर तो अर्धीच पलटण दाखवतो.

माजी सैनिकांनी स्वतः लिहिलेला इतिहास १९०१ मध्ये आला. न्यायाधीश वॉल्टर क्लार्क यांनी राज्यातल्या सगळ्या पलटणींचा पाच खंडांचा संग्रह काढला. त्यात सव्विसाव्या पलटणीवरचे प्रकरण तिचे सहायक सर्जन जॉर्ज अंडरवूड यांनी लिहिले आहे. बर्गविन आणि निशाणाची जी कथा आज सगळे सांगतात तिचा बराचसा आधार तिथे आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या माणसांचा एक राग त्या खंडांत जाणवतो: ३ जुलैचा हल्ला व्हर्जिनियाचे जनरल पिकेट यांच्या नावाने ओळखला जातो आणि पेटिग्रूंची माणसे मागे राहिली असे सांगितले जाते. तो राग रास्तही होता. पण या खंडांचा काळ पाहा. १८९८ मध्ये विल्मिंग्टनला गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि निवडून आलेली नगरसत्ता बळाने उलथली. १९०० मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला गेला. त्याच वातावरणात हे ग्रंथ छापले गेले, शाळांजवळ आणि कोर्टांसमोर पुतळे उभे राहिले, आणि युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते अशी मांडणी घट्ट झाली. १९०३ मध्ये लेन गेटिसबर्गला गेले तेव्हा मिशिगनचे चार्ल्स मॅकॉनेल त्यांना भेटले. लेन यांच्या मानेत शिरलेली ती गोळी आपणच झाडली असे मॅकॉनेल मानत. दोन म्हाताऱ्यांच्या त्या भेटीतला जिव्हाळा खरा होता, याबद्दल मला शंका नाही. अशा भेटींच्या चित्रात गुलामीतून सुटलेल्यांना जागा नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आणि ती माणसे पलटणीत होती. १८६० च्या खानेसुमारीत नॉर्थ कॅरोलिनात ३,३१,०५९ गुलाम मोजले गेले, लोकसंख्येच्या एक तृतीयांश. बर्गविन घराण्याचा नॉर्थहॅम्प्टन काउंटीत रोअनोक नदीकाठी थॉर्नबरी नावाचा मोठा मळा होता. तरुण कर्नलबरोबर किन्सियन नावाचा गुलाम लढाईवर होता. मालक पडल्यावर त्याचे सामान घेऊन तो घरी परतला. पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांत त्याच्या शोकाचा उल्लेख येतो आणि तेवढ्यावरच त्याची ओळख संपते. किन्सियनला स्वतःला काय वाटत होते, हे ती पत्रे सांगू शकत नाहीत. १९२० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनाने अशा छावणीतल्या नोकरांना छोटी पेन्शन दिली. त्या अर्जांच्या आधारे ‘हजारो कृष्णवर्णीय कॉन्फेडरेट शिपाई’ अशी विधाने केली जातात. ती चुकीची आहेत. दक्षिणेच्या सरकारने कृष्णवर्णीयांना शिपाई म्हणून घेण्याचा कायदा १३ मार्च १८६५ ला केला, शरणागतीच्या चार आठवडे आधी.

या युद्धाने मुंबईला जे दिले आणि हिरावले ते आपल्याकडे चांगले ठाऊक आहे: अमेरिकेचा कापूस अडला, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. पण जोतीराव फुले यांचे लक्ष दुसरीकडे होते. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पलटणींच्या इतिहासाकडे पाहताना मराठी वाचकाला ही नजर घरातूनच मिळालेली आहे.

१९६६ पासून नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या सैनिकांची नावनिशीवार यादी नव्याने, खंडाखंडाने छापायला घेतली. तिच्यात जुनी कार्डे, पेन्शनचे अर्ज आणि वर्तमानपत्रांतल्या मृतांच्या याद्या पडताळून एकत्र केल्या आहेत. पलटणीच्या बँडमधले वादक सेलमच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतले होते, आणि त्यांच्या स्वरलिपीच्या वह्याही जपल्या गेल्या आहेत. शिपायांसाठी एवढी सामग्री आहे. थॉर्नबरीसारख्या मळ्यांवरच्या माणसांचा शोध १८६० च्या गुलामांच्या यादीतून घेता येत नाही, कारण तिथे मालकाचे नाव आणि त्याखाली फक्त वय, लिंग आणि रंग लिहिलेले आहेत. त्यासाठी मुक्त झालेल्या गुलामांसाठी युद्धानंतर काम करणाऱ्या फ्रीडमन्स ब्युरो या सरकारी खात्याचे मजुरीचे करार आणि १८७० ची खानेसुमारी उघडावी लागते. मुक्त झालेल्या सगळ्या माणसांची नावे आणि आडनावे सरकारी खानेसुमारीत पहिल्यांदा येतात ती तिथे.