रोल-आउट ऑनिंग आणि टेंट ऑनिंग: वावधान सुटल्यावर कळणारा फरक

2021 ला राज्याचं कॅरावॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून आपल्याकडं पण कॅरावॅनची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीची, चौकशी वाढलीय, पण ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला ताणायचं कापडी छत, म्हणलं की लोक दोन वेगळ्या वस्तू एकच समजायलेत. रोल-आउट म्हणजे गाडीच्या अंगाला बसवलेली लांब पेटी, हँडल फिरवलं की कापड बाहेर येतं, दोन पाय खाली सोडले की झाली सावली. टेंट ऑनिंगला भिंती असतात, दार-खिडक्या असतात, तिच्या वरच्या काठाला शिवलेली गोल दोरी गाडीच्या रेलमधे, म्हणजे अंगावरच्या खाचेच्या पट्टीत, सरकवायची, आतून पाइप उभे करायचे आणि चहूकडून मेखा ठोकायच्या.

खरा फरक भार कुठं जातो यात आहे. रोल-आउटला वारा लागला की पाय जमिनीत ठोकलेले असले तरी बराचसा झटका तिच्या हातांवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या दांड्यांवर, आणि गाडीच्या पत्र्यातल्या स्क्रूवर येतो. टेंट ऑनिंगचा बहुतेक ताण मेखांमधून, तणाव्यांमधून (ताणून बांधलेल्या दोऱ्यांमधून) जमिनीत उतरतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे दोन्हीला लागू.

आता आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारपर्यंत पान हलत नाही आणि चारच्या सुमारास अचानक वावधान सुटतंय, मागोमाग वळीव, कधी गारा. अशा वेळी रोल-आउट सरळ गुंडाळून पेटीत घालायची, दुसरा इलाज नाही. स्टॉर्म स्ट्रॅप (वरून टाकून जमिनीला बांधायचा पट्टा) बांधलाय ना, मग राहू दे उघडी, असं म्हणून वेरूळची लेणी बघायला निघून जाऊ नका, तो पट्टा तुम्ही जवळ असताना येणाऱ्या झुळकीसाठी आहे. साध्या पावसात एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला खाली ठेवा म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून वाहून जाईल, कारण 4 मीटर बाय 2.5 मीटरच्या कापडावर 10 मिलिमीटर पाऊस साचला तर ते 100 लिटर होतं, म्हणजे 100 किलो, आणि हात तिथंच वाकतात.

टेंट ऑनिंग ऐनवेळी गुंडाळता येत नाही, म्हणून ती पहिल्यापासून वादळ येणारच असं धरून उभी करावी लागते. रेल पुसून घ्या, सिलिकॉन स्प्रे मारा, एकानं कापड ओढायचं आणि दुसऱ्यानं रेलच्या तोंडाशी सोडत राहायचं, एकट्यानं केलं तर कापड फाटू शकतं. मेखा ठोकताना सगळ्या चेनी लावलेल्या पाहिजेत, नाहीतर नंतर दार बंदच होत नाही. आधी गाडीजवळचे कोपरे, मग लांबचे, मग मधल्या मेखा. मेखेचं डोकं ऑनिंगपासून बाहेर झुकलेलं आणि तणावा शिवणीच्या रेषेत ओढलेला असावा. वरून स्टॉर्म स्ट्रॅप टाकला तर त्याला स्प्रिंग हवीच, ती झटका पिते.

सगळ्यात जास्त डोकं मेखेला लावा. सोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा आपल्या जमिनीत कामाच्या नाहीत. पैठणकडं नाथसागराच्या काठची काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की फुगून लोण्यासारखी होते, तिथं लांब आणि रुंद मेख लागते, अँगलची घ्या, आणि पाऊस पडून गेला की सगळ्या परत ठोकून बघा. म्हैसमाळला उलट, मुरूम आणि खाली काळा दगड, तिथं जाड गजाची टोकदार मेख पहारीनं भोक पाडून घालायची. आत जातच नसेल तर वीस-वीस लिटरचे पाण्याचे भरलेले कॅन तणाव्याला बांधा, पण एका कॅनचं वजन वीसच किलो, वादळाला ते पुरत नाही, वादळाचे दिवस असले तर टेंट ऑनिंग लावूच नका. माळेगावच्या यात्रेत पालं ठोकणाऱ्यांना विचारा, जमीन बघितल्याशिवाय ते मेख काढत नाहीत.

रोज मुक्काम बदलणार असाल तर रोल-आउटच बरी, चार-पाच दिवस एकाच जागी राहणार असाल तर टेंट ऑनिंग. टेंट ऑनिंगच्या बंद भिंतीआड शेगडी मात्र पेटवायची नाही, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. आणि कॅरावॅन मागं ओढायची नसून इंजिनवाली असेल तर अजून एक गोष्ट बघून घ्या, पाणी भरायला गाडी हलवायची म्हणली की टेंट ऑनिंग रेलमधून काढून परत चढवावी लागते, त्यामुळं गाडी सोडून स्वतःच्या पायावर उभी राहील अशीच घ्या.