उर्बिनोचा दरबारी आणि एका शब्दाची फरफट

प्रबोधनकाळातल्या आदर्श दरबारी गृहस्थाचे गुण म्हटलं की एक यादी ठरलेली असते. कुलीन जन्म, तलवार, घोडेस्वारी, लॅटिन-ग्रीक, एखादं वाद्य, थोडी चित्रकला, नाच, वेळेवर सुचणारा विनोद. ही यादी पाठ करून परीक्षेत गुणही मिळतात. अडचण एवढीच, की बाल्दास्सारे कास्तील्योनेच्या 'इल कोर्तेजानो' (म्हणजे 'दरबारी') या ज्या इटालियन ग्रंथाच्या नावावर ती खपते त्यात ती यादी म्हणून आलेलीच नाही.

1528 साली व्हेनिसला छापलेला तो ग्रंथ म्हणजे गप्पा आहेत. 1507 चा मार्च महिना, इटलीतल्या उर्बिनो या छोट्या राज्याचा डोंगरमाथ्यावरचा राजवाडा, सलग चार रात्री. तिथला राज्यकर्ता ड्यूक सांधेदुखीनं जर्जर, त्यामुळे जेवण झालं की लवकर झोपायला जाणारा. मागे त्याच्या बायकोच्या, डचेसच्या दालनात मंडळी जमतात आणि आज कोणता खेळ खेळायचा यावर खल होतो. सुचवलेल्या खेळांतला एक पसंत पडतो: शब्दांनी एक परिपूर्ण दरबारी घडवायचा, आणि ज्याला जे पटणार नाही त्याला तो तिथंच खोडून काढायची मुभा. म्हणजे खोडणं हा खेळाचाच नियम. दरबारी कुलीन घराण्यातलाच हवा असं पहिल्या रात्री एक सरदार म्हणतो, तर बसल्या जागी दुसरा त्याला अडवतो, की मोठ्या घराण्यांत दिवटे कमी निपजलेत का? निकाल असा लागतच नाही. साधारण हेच पुढे शस्त्र मोठं की विद्या मोठी या वादाचं. मध्ययुगात शिलेदारी आणि धर्मनिष्ठा यांचा जो आदर्श होता तो यामागे आहेच, पण इथं माणूस रणांगणापेक्षा दालनात जास्त वेळ उभा आहे, आणि फरक तिथून सुरू होतो.

एका मानी योद्ध्याचा किस्सा या गप्पांत येतो. नाचायला बोलावलं तर नको, गाणं ऐकायला नको, माझं काम लढणं, असं तो एका बाईंना सुनावतो. त्या म्हणतात, मग सध्या लढाई नाही तर तुम्हाला चांगलं तेल चोपडून चिलखताबरोबर कपाटात ठेवून द्यायला हवं, आणखी गंजू नये म्हणून. दुसरा प्रसंग लोंबार्दीतला. तिथं सणावाराला तरुण सरदार गावकऱ्यांबरोबर नाचतात, कुस्ती धरतात. हे शोभतं का, असा प्रश्न निघतो. उत्तर मासलेवाईक आहे: धरावी कुस्ती, पण जिंकण्याची जवळजवळ खात्री असेल तरच, कारण शेतकऱ्यानं सरदाराला चीत केलेलं पाहणं फार वाईट. गुण कोणाच्या डोळ्यांसाठी आहेत हे इथं उघड होतं. बुद्धिबळाबद्दलही तेच. त्यात फार पारंगत होण्यापेक्षा बेताचं येणं बरं. एवढा वेळ या पटावर घातला कशाला, असं कोणी म्हणायला नको.

आता तो शब्द, ज्यानं अनुवादकांना चारशे वर्षं छळलं: स्प्रेत्सातूरा. कदाचित नवा शब्द वापरतोय, असं म्हणूनच पहिल्या रात्रीचा तोच सरदार तो पुढे करतो. क्रियापदाचा मूळ अर्थ तुच्छ लेखणं. सांगायचं ते असं, की ओढूनताणून केलेल्या गोष्टीचा खडक टाळा, कसब झाका, जे कराल ते विनासायास, जणू विचारही न करता झालंय असं दिसू द्या. कल्पना कोरी नव्हे. दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका रोमन वक्त्यानं काळजीपूर्वक केलेल्या निष्काळजीपणाची गोष्ट केलीच होती. पण तिथं ती भाषणाच्या शैलीपुरती होती. इथं ती चालण्या-बोलण्याला, कपड्यांना, घोड्यावर बसण्यालाही लागू झाली.

1534 च्या स्पॅनिश अनुवादकानं तुच्छता आणि निष्काळजीपणा असे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवून वेळ मारून नेली. 1561 च्या इंग्रजी अनुवादकानं जवळ केलेला एक शब्द आज चक्क बेपर्वा, बेदरकार अशा अर्थानं वापरतात. मराठीत आणायचा तर? 'सहजता' हा पहिला उमेदवार, पण तो निरागस आहे. त्यात लबाडी नाही. 'बेफिकिरी'त मेहनत नाही. 'सफाई' हातचलाखीच्या जवळ जाते, म्हणून मला ती त्यातल्या त्यात बरी वाटते. तरी या शब्दातला वरून खाली पाहण्याचा सूर तिच्यातही उतरत नाही.

या सूत्रावर कडी म्हणजे लगेच पुढचा प्रसंग. मग आपल्या अमक्याचं काय, असं कोणीतरी विचारतो. नाचताना त्याचा झगा खांद्यावरून घसरतो, पायातली सपात निसटते, आणि तो काही न उचलता तसाच नाचत राहतो. तोच ना आदर्श? नाही, सरदार म्हणतो. आपल्याला पर्वा नाही हे दाखवण्याची त्याला फारच पर्वा आहे. तोही खडकावरच आपटला.

हे सगळं गोड वाटतं, पण काळ बघा. 1494 पासून परकी सैन्यं इटलीत ये-जा करत होती. उर्बिनोच्या ड्यूकलाच 1502 मध्ये राज्य सोडून पळावं लागलं. 1516 मध्ये त्याच्या वारसाला पोपनं हुसकावलं. ग्रंथ छापला त्याच्या आदल्या वर्षी स्पेनच्या राजाच्या सैन्यानं रोम लुटलं, आणि लेखक तेव्हा पोपचा दूत म्हणून स्पेनमध्ये होता. आधी कळवलं का नाही, असा ठपका त्याच्यावर आला. 1529 मध्ये तो तोलेदोत वारला. त्या चार रात्री बोलणाऱ्यांतले बरेच जण पुस्तक निघण्याआधीच गेले होते. धन्याची मर्जी हीच ज्यांची मिळकत, त्यांनी घाम दिसू न देणं हा शौक नव्हता. चौथ्या रात्री तर सरळच येतं, की हे सारे गुण धन्याचा विश्वास मिळवण्यासाठी, आणि तो मिळाला की धन्याला खरं सांगण्यासाठी. यादीत हे कलम क्वचितच असतं.

यादी कुठून आली, तर त्याच 1561 च्या लंडन आवृत्तीतून. अनुवादकानं पुस्तकाच्या शेवटी दरबाऱ्याच्या मुख्य गुणांचा गोषवारा जोडला, आणि दरबारी स्त्रीसाठी वेगळा. वाद गळाले, कलमं उरली. इतरांनीही आपापली कात्री चालवली. 1566 च्या पोलिश रूपांतरात गप्पांतून बायकाच काढून टाकल्या. 1584 च्या, चर्चच्या नजरेखालून गेलेल्या व्हेनिस आवृत्तीत पाद्र्यांवरचे विनोद गेले आणि 'दैव' हा शब्दही खटकला. 1860 मध्ये बाझलच्या एका इतिहासकारानं प्रबोधनकाळाचं चित्र सर्वगुणसंपन्न माणसाभोवती रंगवलं. शाळेच्या पुस्तकांतला गृहस्थ बराचसा या चित्रातून आलेला आहे.

अलीकडे हा शब्द पुरुषांच्या कपड्यांवर लिहिणाऱ्यांनी उचललाय. तुरीनचा एक मोटार कारखानदार मनगटी घड्याळ शर्टाच्या कफवरून बांधायचा. त्याचं अनुकरण करणारे आता आरशासमोर उभे राहून कफवरचं घड्याळ नीट सरळ करतात. झगा पुन्हा घसरलाय.